अवकाशाचे चित्र रंगविताना

मुलांपुढे बाह्यरेखांचे चित्र आणि मेणखडूंची पेटी ठेवली, की मोठ्या माणसांना तासभर उसंत मिळते. घरी पाहुणे यावयाचे असतात, शाळेत एखादे शिक्षक रजेवर असतात, बाहेर पाऊस कोसळत असतो. अशा वेळी रंगकामाची आठवण होते. मूलही ते काम त्याच भावनेने उरकते. रंग रेषेबाहेर गेला नाही म्हणजे काम चांगले झाले, एवढीच कसोटी आपण त्याला शिकविलेली असते.

या प्रकरणात अशा चित्रांपैकी एकाच जातीचा विचार करावयाचा आहे. ज्यात अग्निबाण, अवकाशयान, अंतराळवीर, चंद्र किंवा एखादा ग्रह दाखविलेला असतो, ते चित्र. ही निवड सहेतुक आहे. आंबा, पोपट, बैलगाडी यांचे रंग मुलाने डोळ्यांनी पाहिलेले असतात. अवकाशातील वस्तूंचे रंग त्याने पाहिलेले नसतात. आणि खरे सांगावयाचे तर त्याच्या शेजारी बसलेल्या मोठ्या माणसानेही ते पाहिलेले नसतात. दोघेही ऐकीव माहितीवर आणि छायाचित्रांवर अवलंबून असतात. त्यामुळे ‘याचा रंग कोणता?’ हा साधा प्रश्न येथे खरोखरीचा प्रश्न होतो.

लखनौमध्ये २०२५ च्या उन्हाळ्यात अशा चित्रांना अचानक मागणी आली. त्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. २५ जून २०२५ रोजी लखनौचे शुभांशु शुक्ला अमेरिकेतील केनेडी अवकाश केंद्रावरून अवकाशात गेले आणि दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोहोचले. १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत यानातून गेले होते. त्यानंतर ४१ वर्षांनी पृथ्वीच्या कक्षेत जाणारे हे दुसरे भारतीय नागरिक. अलीगंज भागातील शाळेत शिकलेला मुलगा पृथ्वीभोवती फिरत आहे, ही गोष्ट शहरातील मुलांनी स्वतःच्या घरची गोष्ट असल्यासारखी मानली. त्यांनी बरोबर गाजराचा हलवा आणि आमरस नेला आहे, हे कळल्यावर तर ती अधिकच घरची झाली. १५ जुलै रोजी त्यांचे यान कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात उतरेपर्यंत मुलांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

आमच्या मोहल्ल्यात रविवारी सकाळी एका लहानशा वाचनालयात मुले जमतात. त्या जुलैत मी त्यांच्यासाठी एक चित्र नेले. मध्यभागी अवकाश स्थानक, त्याला येऊन मिळणारे यान, बाहेर दोरीने बांधलेला एक अंतराळवीर, खाली पृथ्वीची वक्र कड, एका कोपऱ्यात सूर्य, दुसऱ्या कोपऱ्यात चंद्र. मुले बारा होती आणि खडूंच्या पेट्या तीन. बहुतेकांनी आकाश निळे रंगविले. दोघांतिघांनी ते काळे करावयास घेतले आणि अर्ध्यावर सोडले. कारण काळा खडू प्रत्येक पेटीत एकच असतो आणि आकाश फार मोठे असते. एका आठ वर्षांच्या मुलीने मात्र बाकी सारे चित्र पूर्ण करून आकाश कोरे ठेवले होते.

मी विचारले, “आकाश राहिले का?”

ती म्हणाली, “दीदी, इथे सूर्य आहे. म्हणजे दिवस आहे. दिवसा आकाश निळे असते. पण टीव्हीवर काळे दिसत होते. मग सूर्य काढून टाकू का?”

मी तिला सांगितले, “अवकाशात आकाश काळेच असते. तू काळे रंगव.” तिने मान हलविली आणि कोणाकडून तरी काळ्या खडूचा तुकडा मागून आणून आकाश काळे केले. चित्र बिनचूक झाले. माझे काम झाले, असे मला वाटले.

पुढच्या रविवारी चित्र अवकाशाचे नव्हते, नदीकाठचे होते. त्या मुलीने प्रत्येक वस्तू रंगविण्यापूर्वी माझ्याकडे येऊन विचारले: दीदी, झाडाचा रंग कोणता? नावेचा कोणता? पाण्याचा कोणता? गोमती तिच्या घरापासून फार दूर नाही. आदल्या आठवड्यात जिने सूर्य आणि काळे आकाश यांतील विसंगती स्वतः हेरली होती, ती आता पाण्याचा रंग दुसऱ्याला विचारीत होती. मी तिला खोटे काहीच सांगितले नव्हते. तरीही तिचे काहीतरी मी काढून घेतले होते.

पुढे जे लिहिले आहे ते बहुतांशी त्या एका उत्तराची दुरुस्ती आहे.

तिचा प्रश्न रंगाचा नव्हता, प्रकाशाचा होता. त्याचे उत्तर शब्दांत देण्यापेक्षा दाखविणे सोपे आहे. काचेचे दोन स्वच्छ पेले घ्यावेत आणि दोन्हींत पाणी भरावे. एका पेल्यात दुधाचे तीन-चार थेंब टाकून ढवळावे. खोलीत अंधार करावा. (लखनौच्या जुलै महिन्यात विजेचा पुरवठा अधूनमधून हे काम आपोआप करतो.) विजेरीचा झोत दुधाच्या पेल्यात एका बाजूने सोडला आणि आडव्या बाजूने पाहिले, तर पाण्यावर निळसर झाक दिसते. पेल्याच्या पलीकडे जाऊन विजेरीकडे आरपार पाहिले, तर तोच प्रकाश पिवळसर, तांबूस दिसतो. दुधाचे सूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात आणि तांबडा प्रकाश त्यामानाने सरळ निघून जातो. पृथ्वीवरील हवेचे रेणू सूर्यप्रकाशाचे हेच करतात. म्हणून दिवसा सर्व बाजूंनी निळा प्रकाश डोळ्यांत येतो आणि सूर्य क्षितिजाजवळ असताना तांबडा.

यानंतर विजेरी दुसऱ्या पेल्यावर धरावी. स्वच्छ पाण्यातून झोत निघून जातो. बाजूने पाहणाऱ्याला त्याचा मार्ग जवळजवळ दिसतच नाही. प्रकाश आहे, परंतु त्याला आपल्याकडे वळविणारे काही नाही. अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तेथे हवा जवळजवळ नसतेच. सूर्य तळपत असतो, स्थानक उजळलेले असते, आणि त्याच वेळी भोवतालचे आकाश काळे असते. सूर्य काढून टाकण्याची गरज नाही, हे त्या मुलीला दुसऱ्या पेल्याने सांगितले असते. तिने मग आकाश काळे केले असते किंवा केले नसते. पण प्रश्न तिच्याच हातून सुटला असता.

एक गोष्ट मात्र तिच्या चित्रात कोणालाच खटकली नाही. सूर्य सर्वांनी पिवळा रंगविला होता. हवेच्या बाहेरून पाहिले तर सूर्य पांढरा दिसतो. काळे आकाश सांगणारी मी, पिवळ्या सूर्याकडे माझेही लक्ष गेले नव्हते.

अवकाशातील रंग प्रत्यक्ष पाहून ते कागदावर उतरविणाऱ्या पहिल्या माणसाची कथा मुलांना अवश्य सांगावी. १८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह हे वस्खोद-२ या यानातून बाहेर पडले. यानाबाहेर तरंगणारे ते पहिले मानव. सुमारे बारा मिनिटे ते बाहेर होते. निर्वात पोकळीत त्यांचा पोशाख फुगला आणि परत आत शिरणे कठीण झाले. पोशाखातील हवेचा दाब धोका पत्करून कमी केल्यावरच ते आत येऊ शकले. लिओनोव्ह यांना चित्रकलेची आवड होती आणि त्यांनी बरोबर रंगीत पेन्सिली नेल्या होत्या. वजनरहित अवस्थेत त्या इकडेतिकडे तरंगत जाऊ नयेत म्हणून दोऱ्याने बांधलेल्या होत्या. यानात परतल्यावर त्यांनी सूर्योदयाचे एक लहानसे चित्र काढले. पृथ्वीच्या वक्र कडेवर रंगांचे पट्टे आणि त्यांच्या वर काळोख. अवकाशात काढलेले पहिले चित्र म्हणून ते ओळखले जाते.

मुलांना या कथेतील दोऱ्याने बांधलेल्या पेन्सिलीच सर्वाधिक आवडतात. आमच्याकडे त्या दिवशी सर्वांनी आपापले खडू सुतळीने मनगटाला बांधले आणि तसेच रंगकाम केले. गोंधळ पुष्कळ झाला. परंतु त्यातच एका मुलाने विचारले की, सूर्योदय रंगवून होईपर्यंत तो तिथे थांबतो का? थांबत नाही. स्थानकावरून पृथ्वीला एक फेरी सुमारे ९० मिनिटांत होते आणि दिवसाकाठी सोळा सूर्योदय होतात. यान इतक्या वेगाने जाते की, रंगांचा पट्टा पाहता पाहता बदलतो. म्हणजे लिओनोव्ह यांनाही बराचसा भाग आठवूनच रंगवावा लागला असणार. समोर पाहून रंगविणे आणि आठवून रंगविणे यांतील फरक मुलांना यापूर्वी कोणी सांगितला नव्हता; तो त्यांनी स्वतः काढला.

आता चित्रातील एकेका वस्तूकडे वळू.

अंतराळवीराचा पोशाख पांढरा रंगवावा, असे मुले न सांगता जाणतात. म्हणजे तो कोरा सोडतात. स्थानकाबाहेर उन्हात वस्तू शंभर अंश सेल्सियसहून अधिक तापते आणि सावलीत उणे शंभर अंशांच्याही खाली जाते. पांढरा रंग ऊन परतवितो, म्हणून बाहेरचा पोशाख पांढरा. परंतु एखाद्या मुलाने तो नारिंगी केला तर खोडून काढावयास लावू नये. १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेनंतर अमेरिकेच्या शटलमधील प्रवासी उड्डाणाच्या आणि परतीच्या वेळी नारिंगी पोशाख घालू लागले. अपघात झाल्यास निळ्या समुद्रात माणूस शोधणाऱ्यांच्या दृष्टीस चटकन पडावा, हा त्यामागील हेतू. तेव्हा विचारावयाचे ते इतकेच: “तुझा अंतराळवीर यानाबाहेर आहे, की घरी परत निघाला आहे?” पांढऱ्या पोशाखावरील तांबड्या पट्ट्यांनाही कारण आहे. चंद्रावरील पहिल्या छायाचित्रांत दोघा अंतराळवीरांपैकी कोण कोणता हे ओळखू येईना. म्हणून प्रमुखाच्या पोशाखावर तांबडे पट्टे आले; चंद्रावर ते प्रथम १९७१ च्या अपोलो-१४ मोहिमेत दिसले. हे सांगितल्यावर आमच्या मुलांनी आपापल्या अंतराळवीरांना इतके पट्टे दिले की, सारेच प्रमुख झाले.

सोनेरी खडू असलेली पेटी सर्वांना परवडत नाही. हळदीत किंचित गेरू कालवूनही काम भागते. सोनेरी रंग दोन ठिकाणी लागतो आणि त्यांतील भेद मोठा मजेदार आहे. अंतराळवीराच्या शिरस्त्राणाच्या काचेवर जो सोनेरी मुलामा असतो, तो खऱ्या सोन्याचा अतिशय पातळ थर असतो. तो प्रखर प्रकाश आणि उष्णता अडवितो. यानाच्या अंगावर गुंडाळलेला चुरगळलेला सोनेरी कागद मात्र सोन्याचा नसतो. पॉलिइमाइड नावाचे मधाच्या रंगाचे प्लास्टिक आणि त्यामागे चकाकणारा ॲल्युमिनियमचा थर, यांमुळे तो सोन्यासारखा भासतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-३ च्या विक्रम या भागाची छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा सोनेरी वेष्टनाचा थाट आठवेल. जेथे सोने दिसते तेथे ते नाही आणि जेथे लक्ष जात नाही तेथे आहे, हे ऐकून मुलांना फार आनंद होतो.

चंद्राविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण येथे डोळाच फसतो. पौर्णिमेचा चंद्र चांदीसारखा दिसतो. मुले तो कोरा तरी ठेवतात किंवा पिवळा करतात. वास्तविक चंद्राची माती बरीच काळपट आहे. तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे बारा टक्केच ती परतविते. म्हणजे जुन्या डांबरी रस्त्यासारखी. रात्रीच्या काळ्या आकाशात शेजारी दुसरे काहीच उजळ नसल्यामुळे तो रस्ता आपल्याला चांदी वाटतो. मुलांना भर दुपारी बाहेर नेऊन डांबरी रस्त्याकडे पाहावयास सांगावे. उन्हात तोही किती उजळ दिसतो! मग सावलीत उभे राहून त्याच्या शेजारी पांढरा कागद धरावा. या एका निरीक्षणानंतर करड्या खडूचा खप वाढतो. पण नियम करू नये. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ च्या मोहिमेत हॅरिसन श्मिट या भूवैज्ञानिकाला चंद्रावर एका विवराच्या काठी नारिंगी माती सापडली. प्राचीन ज्वालामुखीतून उडालेल्या काचेच्या सूक्ष्म मण्यांची ती होती. तेव्हा एखाद्या मुलाचा चंद्र नारिंगी असला, तर त्याने कोणता भाग रंगविला आहे हे आधी विचारावे.

शास्त्रज्ञांना रंग आपोआप कळतात आणि मुलांनी ते केवळ गिरवावयाचे असतात, हा समज काढून टाकण्यास पुढील दोन घटना पुरेशा आहेत.

पहिली जुलै १९६५ मधील. मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले आणि जवळून घेतलेली त्याची पहिली चित्रे अंकांच्या रूपात पृथ्वीकडे येऊ लागली. प्रत्येक चित्रात २०० ओळी, प्रत्येक ओळीत २०० ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या उजळपणासाठी ० ते ६३ यांपैकी एक अंक. प्रेषणाचा वेग इतका मंद होता की, एका चित्राला सुमारे आठ तास लागत. यंत्रावर त्या अंकांचे चित्र तयार होईपर्यंत थांबणे कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेच्या काही अभियंत्यांना जड गेले. त्यांनी अंक छापलेल्या कागदी पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या आणि रंगीत खडू विकत आणले. करड्या छटांचे खडू हवे होते. ते मिळाले नाहीत, म्हणून मिळाले ते आणले. कोणत्या अंकाला तपकिरी, कोणत्याला तांबडा, कोणत्याला पिवळा हे ठरवून त्यांनी अंकांवर हाताने रंग भरला, आणि यंत्राच्या आधी मंगळाचे चित्र भिंतीवर उभे राहिले. चौकटीत बसविलेले ते चित्र पुढे प्रयोगशाळेच्या संचालकांना भेट देण्यात आले. अवकाशसंशोधनाच्या इतिहासातील एक मोलाचे चित्र म्हणजे असे मोठ्या माणसांनी केलेले रंगकाम आहे.

हा खेळ घरी सहज होतो. चौकटीच्या वहीत दहा गुणिले दहा चौकोन आखावेत. एका मुलाने त्यात साधे चित्र योजावे, समजा शनी, आणि प्रत्येक चौकोनाला ० ते ५ पर्यंत अंक द्यावा. त्याने पडद्याआड बसून एकेक ओळ मोठ्याने वाचावी. दुसऱ्याने चित्र न पाहता केवळ अंक ऐकून रंग भरावा. ऐकण्यात चूक झाली की भलत्याच ठिकाणी काळा चौकोन उमटतो. तो खोडू नये. दूरच्या यानाकडून येणाऱ्या संदेशांतही अशाच चुका शिरतात आणि त्या शोधून काढणे हा स्वतंत्र उद्योग असतो. आमच्याकडे पंख्याच्या आवाजामुळे ‘दोन’चे ‘तीन’ झाले आणि शनीच्या कड्याला एक गाठ आली. तिच्यावर मुलांनी अर्धा तास वाद घातला.

दुसरी घटना अकरा वर्षांनंतरची. २० जुलै १९७६ रोजी व्हायकिंग-१ मंगळावर उतरले. त्याने पाठविलेले पहिले रंगीत चित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातील आकाश निळसर होते. पृथ्वीवर आकाश निळे, म्हणून तेथेही तसेच असावयाचे, अशी नकळत झालेली ती जुळवणी होती. यानावर बसविलेल्या रंगपट्ट्यांशी ताडून पाहिल्यावर दुरुस्ती करावी लागली. मंगळाचे आकाश धुळीमुळे फिकट तांबूस, पिवळसर असते. जमीन लोहाच्या गंजामुळे तांबडी. आणि गंमत अशी की, पुढे मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाड्यांनी तेथील सूर्यास्ताची चित्रे पाठविली, त्यांत मावळत्या सूर्याभोवतीचे आकाश निळसर दिसले. पृथ्वीच्या अगदी उलट. आमच्या बारांपैकी ज्या नऊ मुलांनी स्थानकाभोवती निळे आकाश काढले, त्यांनी १९७६ मधील तज्ज्ञांसारखीच चूक केली होती. फरक एवढाच की तज्ज्ञांना ताडून पाहण्यासाठी रंगपट्टी दिलेली होती, मुलांना दिलेली नव्हती.

मोठ्या मुलांना आणखी एक पायरी चढविता येईल. हबल दुर्बिणीतून आलेली तेजोमेघांची भव्य चित्रे मुळात रंगीत नसतात. निरनिराळ्या गाळण्यांतून करडी चित्रे घेतली जातात आणि नंतर त्यांना रंग दिले जातात. १९९५ च्या प्रसिद्ध स्तंभाकृती तेजोमेघाच्या चित्रात गंधकाच्या प्रकाशाला तांबडा, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग दिला होता. हे खोटे रंग नव्हेत. कोणत्या रंगाचा कोणता अर्थ, हे ठरवून सांगितलेले रंग आहेत. बारा वर्षांच्या मुलाला हा भेद कळतो. सहा वर्षांच्या मुलाला सांगण्याची घाई करू नये.

बाह्यरेषांविषयी एक गोष्ट मला लखनौने शिकविली. जुन्या शहरात चिकनचे भरतकाम होते. छापणारा कारागीर लाकडी ठशाने कापडावर निळ्या, धुतल्यावर जाणाऱ्या रंगात वेलबुट्टी उमटवितो. बहुतांशी घरोघरीच्या स्त्रिया त्यावर टाके घालतात. शेवटी कापड धुतले जाते आणि निळी रेषा नाहीशी होते. आमच्या मुलांपैकी काहींच्या आया हे काम करतात. एकदा मी एका मुलाला, रंग रेषेबाहेर गेला आहे, असे म्हटले. तो म्हणाला, “छापा पुसट असला की अम्मीसुद्धा बाहेर टाका घालते.” त्यानंतर मी दाट काळ्या रेषांची चित्रे नेणे कमी केले. पुसट रेषा काढलेले कागद देऊ लागले. पुढे काहींना केवळ क्षितिजाची कड काढून दिली.

रेषा पुसट झाल्यावर चित्रात माणसे वाढली, हा अनपेक्षित लाभ. छापील चित्रांत बहुधा शिरस्त्राण घातलेला एकच वीर असतो. यान सोडणारे, त्यावर लक्ष ठेवणारे, गणित करणारे लोक त्यात कधीच नसतात. लखनौच्या मुलांना रितू करिधल यांचे नाव ठाऊक असते. लखनौ विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकून त्या भारतीय अवकाश संशोधन संस्थेत गेल्या आणि मंगळयान मोहिमेच्या उपसंचालन प्रमुखांपैकी एक होत्या. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचले; त्या सुमारास बंगळूर येथे आनंद व्यक्त करणाऱ्या, साड्या नेसलेल्या स्त्रियांचे छायाचित्र जगभर छापले गेले. अवकाशसंशोधनाच्या चित्रात जर्द पिवळा, किरमिजी, मोरपंखी हे रंग हवे असतील, तर ते येथे आहेत. आणि हे रंग मुलांनी पाहिलेले आहेत. एका मुलीने नियंत्रण कक्षातील बाईंच्या केसांत गजराही काढला.

चित्रे झाल्यावर मुलांना कोठे न्यावे, असा प्रश्न येतो. लखनौत गोमतीजवळ इंदिरा गांधी नक्षत्रशाळा आहे. तिची इमारतच शनीच्या आकाराची आहे. कड्यांचा रंग काय असावा, हा वाद तेथे उभे राहून घालता येतो. तारावाली कोठीही दाखवावी. नवाब नसीरुद्दीन हैदर यांच्या काळात, १८३० च्या दशकात, या वेधशाळेचे काम सुरू झाले आणि १८४९ मध्ये वाजिद अली शाह यांनी ती बंद केली. आता तेथे स्टेट बँकेचे कार्यालय आहे. दुर्बिणीतून तेथे पाहणाऱ्याजवळ छायाचित्राचे साधन नव्हते. जे दिसले ते अंकांत मांडावे किंवा हाताने काढावे लागे. मुलांना हे इमारतीपुढे सांगितले की पुरे; आत पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही.

साधनांविषयी थोडक्यात. काळा खडू नेहमी अपुरा पडतो, म्हणून काळे जाड कागद आणून त्यावर खडूने चित्र काढणे अधिक सोयीचे. काळा कागद मिळाला नाही, तर वर्तमानपत्राच्या कागदावर कंदिलाची काजळी आणि डिंकाचे पाणी यांचा हात फिरवून वाळवावा. हात काळे होतात, पण आकाश चांगले होते. चित्रांना गुण देऊ नयेत. भिंतीवर लावताना सर्वांची लावावीत आणि प्रत्येकाखाली मुलाने स्वतः एक ओळ लिहावी: हा रंग मी का दिला. ‘मला आवडला म्हणून’ हे उत्तरही मान्य करावे, मात्र ते लिहिलेले असावे.

ऑगस्टच्या अखेरीस मी मंगळाचे चित्र नेले. टेकड्या, एक यंत्रगाडी आणि मोठे रिकामे आकाश. व्हायकिंगची आणि सूर्यास्ताची गोष्ट तोवर सांगून झाली होती. ती आठ वर्षांची मुलगी बराच वेळ काहीच करीत नव्हती. मी तिच्याजवळ गेले नाही. शेवटी तिने आकाशाच्या मधोमध एक उभी रेघ ओढली, डावीकडे फिकट तांबूस रंग दिला, उजवीकडे टेकडीजवळ निळा. शेजारच्या मुलाने विचारले, यातले खरे कोणते? तिने उत्तर दिले नाही. चित्राखाली तिने डावीकडे ‘दुपार’ लिहिले, उजवीकडे ‘संध्याकाळ’ लिहिले, आणि यंत्रगाडीचा रंग कोणता असावा यासाठी ती पेटीत शोधू लागली.